मृद्संधारणातील वाटा : घामाचा की रोकडीचा?

शेतजमिनीवरील मृद्संधारणाला सरकारने किती साहाय्य द्यावे, याची चर्चा आपल्याकडे बहुधा टक्केवारीच्या भाषेत चालते. अमुक कामाला पन्नास टक्के, तमुक कामाला पंचाहत्तर टक्के, आदिवासी खातेदार असेल तर शंभर टक्के, असे आकडे जाहीर झाले की कल्याणकारी राज्याचे कर्तव्य पार पडले असे मानण्याची प्रथा पडली आहे. विरोधकही पुष्कळदा टक्का वाढवून मागण्यापलीकडे जात नाहीत. परंतु सरकारचा वाटा किती, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असा दुसरा प्रश्न या चर्चेतून निसटतो. शेतकऱ्याचा जो उरलेला वाटा, तो कोणत्या रूपात घ्यावयाचा? रोख पैशाच्या की श्रमाच्या? आणि जी माती अडवल्याने शेतकऱ्याखेरीज इतरांचाही फायदा होतो, तिच्या खर्चात त्या इतरांचा वाटा कोठे आहे? पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा अनुभव समोर ठेवला, तर या प्रश्नांची उत्तरे टक्केवारीच्या तक्त्यात सापडणार नाहीत, हे स्पष्ट होते.

हे दोन्ही तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातात, आणि त्या उतारावर पाऊस, माती, पीक व माणसाची ऐपत या चारही गोष्टी पालटत जातात. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर हा सह्याद्रीचा माथा. तेथे पाऊस कोसळतो, पण जमीन तुकड्यातुकड्यांची आणि उतरती. महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजाची वस्ती येथे आहे. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी, वरई, खुरासणी, आणि जोडीला रानातला हिरडा, यांवर संसार चालतो. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, आळे, मंचर, कळंब हा बागायती पट्टा. टोमॅटो, द्राक्षे, कांदा, ऊस यांनी तो सधन झाला. त्याच्याही पूर्वेला लोणी-धामणीसारखा कोरडवाहू भाग आहे. मधल्या खोऱ्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे उभी आहेत : माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. या धरणांचे पाणी या दोन तालुक्यांपुरते थांबत नाही. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत ते कालव्यांनी जाते.

म्हणजे माथ्यावरच्या शेतातून जी माती वाहते, ती धरणांत येऊन बसते. आणि माथ्यावरचा शेतकरी आपल्या बांधाने जी माती अडवतो, ती अडवून तो करमाळ्याच्या शेतकऱ्याचे पाणीही राखत असतो. ही गोष्ट लक्षात घेतली की उतारावरच्या बांधबंदिस्तीला दिलेला पैसा म्हणजे गरिबाला दिलेले दान, ही समजूत आपोआप गळून पडते. तो सार्वजनिक कामाचा मोबदला आहे.

वाट्याचा इतिहास

जमीनसुधारणेत सरकारने हात घालावा ही कल्पना जुनी आहे. १८८३ साली ब्रिटिश सरकारने जमीनसुधारणा कर्जाचा कायदा केला, आणि त्यातून तगाई आली. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. सरकारची दृष्टी कर्जाची होती : शेतकऱ्याने बांध घालावा, पैसे सरकारने उसने द्यावेत, आणि व्याजासह परत घ्यावेत. जोतीरावांची दृष्टी अगदी वेगळी होती. डोंगरावरून वाहून जाणारे पाणी व कस शेतात मुरावा म्हणून सरकारने आपल्या पलटणींतील व पोलीस खात्यातील फाजील माणसे कामाला लावून ताली व बांध घालावेत, असे त्यांनी सुचवले. शेतकऱ्याच्या जमिनीचा कस ही राज्याची जबाबदारी आहे, आणि त्या जबाबदारीची फेड राज्याने श्रम पुरवून करावी, हा विचार एकोणिसाव्या शतकात मांडला गेला होता. राज्यकर्त्यांनी मात्र तगाईचा मार्ग धरला.

१९४२ च्या मुंबई जमीनसुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीचे काम सरकारी यंत्रणेकडे आले. योजना मंजूर झाली की त्या क्षेत्रातील सर्व खातेदारांना ती लागू होई. खर्चाचा काही भाग सरकार सोसे आणि बाकीचा खातेदाराकडून हप्त्याहप्त्याने वसूल करी. कोरडवाहू पट्ट्यात लाखो एकरांवर समपातळी बांध घातले गेले. परंतु पाण्याच्या पातळीने आखलेला बांध खातेदाराच्या हद्दीशी जुळत नसे. एकाच्या वावरातून तो तिरपा जाई आणि दुसऱ्याचे पाणी पहिल्याच्या उभ्या पिकात साचवी. आखणीत शेतकऱ्याला विचारलेले नव्हते. विचारले होते ते वसुलीच्या वेळी. साहजिकच कित्येकांनी असे बांध पुढे नांगरून टाकले. पैशाचा वाटा सक्तीने घेतला आणि बुद्धीचा वाटा नाकारला, की काय होते याचा हा धडा होता.

१९७२ च्या दुष्काळाने चित्र पालटले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि संघटित ग्रामीण मजुरांच्या रेट्याने पक्की झालेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात उतरली व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिने एक मूलभूत फरक केला. कामाचा खर्च म्हणजे मुख्यतः मजुरी, आणि मजुरी हा मागणाऱ्याचा हक्क, हे तत्त्व तिने प्रस्थापित केले. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती ही कामे त्या मजुरीतून उभी राहिली. १९९० साली फळबाग लागवड योजनेशी जोडली गेली, तेव्हा खासगी जमिनीवरही श्रमाची किंमत सार्वजनिक तिजोरीतून देता येते, हे सिद्ध झाले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर, ठेकेदाराला बंदी आणि मजुरांची जागा घेणाऱ्या यंत्रांना शक्य तेथवर मज्जाव, हे दंडक घातले गेले. त्यांचे मूळ महाराष्ट्राच्या या अनुभवात आहे.

याच काळात पुणे जिल्ह्याच्याच पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. उपसा योजनेच्या खर्चापैकी २० टक्के लाभार्थ्यांनी उभे करावयाचे, ५० टक्के सरकारी अनुदान, आणि उरलेले ३० टक्के ग्रामगौरव प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज, अशी वाटणी तेथे होती. परंतु खरे महत्त्व टक्केवारीला नव्हते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते द्यावयाचे, कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा, भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क, आणि ऊस वर्ज्य, या नियमांना होते. खर्चाचा वाटा मागण्याआधी लाभाचा वाटा न्याय्य करावा लागतो, हे पाणी पंचायतीने दाखवून दिले. आजच्या अनुदान योजना नेमक्या येथेच चुकतात.

पडकई म्हणजे काय

जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात पडकई नावाची जुनी रीत आहे. होळी उलटली, रानातली व खळ्यातली कामे आटोपली, की मृगापर्यंतच्या मोकळ्या दिवसांत काही घरे एकत्र येतात व एकमेकांच्या उतारावर आळीपाळीने खाचरे घडवतात. आज एकाच्या जमिनीवर, उद्या दुसऱ्याच्या. घाटावर इतरत्र जिला इर्जिक किंवा सावड म्हणतात, तिच्याच जातीची ही रीत. उताराच्या खालच्या अंगाला दगडाची ताल रचावयाची, वरच्या अंगाची माती खणून तालीमागे भरावयाची, फाजील पाण्याला सांडवा ठेवावयाचा, आणि पहिल्या पावसात पाणी कसे वागते ते पाहून पुढच्या वर्षी ताल चढवावयाची. चार-दोन गुंठ्यांचे खाचर पक्के व्हायला कित्येकदा दोन-तीन उन्हाळे लागतात. दगड हातांनी बसवलेला असतो; मोठा खडक आणि झाड असेल तेथे खाचर त्याला वळसा घालून जाते. नाचणी-वरईच्या जागी भात येतो, आणि जी माती दर पावसाळ्यात ओढ्याला मिळत होती, ती घरात राहते.

या रीतीत ‘लाभार्थीचा वाटा’ हा शब्द कोणालाही शिकवावा लागत नाही. वाटा उघडच आहे. तो श्रमाचा आहे, आणि तो परत फिरून येतो. मात्र तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्या घरात उन्हाळ्यात खायला दाणा नाही, त्याला स्वतःच्या जमिनीवर बिनमजुरीने राबणे परवडत नाही. तो नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभा राहतो आणि दुसऱ्याच्या टोमॅटोला काठी बांधतो. गरिबीमुळे पडकई थांबते, पडकई थांबल्यामुळे जमीन धुपते, आणि धुपलेली जमीन गरिबी वाढवते. हे चक्र तोडायचे असेल तर पडकईच्या दिवसांची मजुरी सार्वजनिक तिजोरीतून मिळाली पाहिजे.

डिंभे धरणग्रस्तांत काम करणाऱ्या कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने हाच आग्रह धरला, आणि पडकईची कामे रोजगार हमीतून निघाली. आपल्याच शेतात आपण राबावे व त्याची मजुरी सरकारने द्यावी, हे प्रथमदर्शनी अनेकांना विचित्र वाटते. पण विचार केला तर त्यात विचित्र काहीच नाही. बागायतदाराच्या ठिबकाच्या नळ्यांना सरकार पैसे देते, तेव्हा त्याच्या खासगी शेतातील भांडवलालाच ते पैसे देत असते. आदिवासी शेतकऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. नळीला अनुदान चालते, मग हातांना का चालू नये?

यंत्र आले आणि वाटा गेला

पुढे कृषी खात्याने पडकई विकास या नावाने कार्यक्रम हाती घेतला. नाव तेच राहिले, आशय मात्र पालटला. हातांच्या जागी माती खोदणारी यंत्रे डोंगरावर चढली, अशी तक्रार त्या भागातील कार्यकर्त्यांनी वारंवार केली. यंत्राला दिवसाचे भाडे असते. म्हणून ते थांबत नाही, वळसा घालत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत नाही. ते उताराला खोल काप देते, सुटी माती कडेला लोटते, आणि तालीवाचून उभा राहिलेला तो भराव पहिल्या पावसाच्या स्वाधीन करून निघून जाते. सरकारी दप्तरात दोन्ही कामे ‘सपाटीकरण’ या एकाच रकान्यात बसतात. डोंगराच्या दृष्टीने ती परस्परविरुद्ध कामे आहेत.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मेली. त्या आपत्तीच्या कारणांविषयी पुष्कळ चर्चा झाली. अतिवृष्टी, डोंगराची घडण, वृक्षतोड, आणि उतारावर यंत्रांनी झालेले सपाटीकरण, ही सर्व कारणे तीत आली. एकाच कारणावर सारा दोष टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु त्या चर्चेतून एक अन्याय्य समजूत पसरली. पडकईच वाईट, आदिवासी शेतकऱ्याने डोंगर पोखरला, असे शहरी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या अनेकांना वाटू लागले. वस्तुतः हाताने रचलेली पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण यांत फरक करणे, हाच माळीणचा पहिला धडा होता. ज्यांची माणसे गेली, त्यांच्याच शेतीपद्धतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले; यंत्राची बिले ज्या पद्धतीने निघाली, त्या पद्धतीची चौकशी करण्याची निकड मात्र थोड्यांनाच वाटली.

यंत्र डोंगरावर का चढते? शंभर टक्के अनुदान म्हणजे शेतकऱ्याचा वाटा शून्य, असा अर्थ लावला गेला की शेतकरी कामाचा मालक राहत नाही, तो केवळ जागा पुरवणारा होतो. काम कोणी करायचे, कसे करायचे, किती करायचे, हे ठेकेदार आणि उद्दिष्टाचा आकडा ठरवतात. मार्चअखेर निधी संपवायचा असतो, आणि पडकईचा खरा हंगाम तर मार्चनंतर सुरू होतो! घामाचा वाटा काढून टाकला की त्याबरोबर देखरेखही जाते. म्हणून आम्ही असे म्हणतो की शंभर टक्के अनुदान द्यावे, पण ते मजुरीच्या रूपाने, जमीन कसणाऱ्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या हातांत द्यावे.

खालच्या पट्ट्यातील अनुदान

आता उतारावरून खाली, बागायती पट्ट्यात येऊ. येथे मृद् व जलसंधारणाचे साहाय्य प्रामुख्याने ठिबक संच व शेततळे या रूपांत मिळते. ठिबकाला केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी ५५ टक्के आणि इतरांसाठी ४५ टक्के अनुदान ठरले. राज्याने त्यात भर घालून ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेले. कागदावर हे उदार दिसते, आणि पाण्याची बचत व्हावी याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या मापदंडाचे असतात, बाजारातल्या किमतीचे नव्हेत. शिवाय खर्च आधी करावा लागतो आणि अनुदान मागाहून, तपासणीनंतर, खात्यावर येते. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतही खोदाई आधी आणि ५० हजार रुपयांपर्यंतचे अनुदान नंतर, असाच क्रम होता.

ज्याच्याजवळ हातात रोकड आहे, किंवा ज्याला सोसायटी व दुकानदार उधार देतात, त्यालाच अशी योजना पेलते. ‘मागेल त्याला’ हे शब्द प्रत्यक्षात ‘आधी खर्च करू शकेल त्याला’ असे वाचावे लागतात. शेततळ्यांच्या बाबतीत तर राज्याच्या अनेक भागांत विपरीतच घडले. पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून ज्या कल्पनेचा जन्म झाला, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला गेला. विहिरीतील व विंधन विहिरीतील सामायिक पाणी उपसून ते एकाच्या तळ्यात साठवले जाऊ लागले. जलसंधारणाच्या नावाने दिलेल्या पैशातून पाण्याची खासगी मालकी उभी राहिली.

धरणातील गाळ काढून शेतात टाकण्याच्या २०१७ च्या योजनेतही हाच दोष होता. गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या इंधनाचा खर्च सरकार देई आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करावयाचा. साहजिकच ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्याच्याकडे सुपीक गाळ. २०२३ साली सरकारने अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना गाळ नेण्यासाठी एकरी १५ हजार रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, साहाय्य जाहीर केले. उशिरा का होईना, रोख वाट्याची अट गरिबाला बाहेर ठेवते याची ही कबुलीच होय. पण यातील मोठी विसंगती पाहा. तलावात बसलेली माती उपसून खालच्या शेतात न्यायला सरकार पैसे मोजते, आणि तीच माती मूळ शेतातून सुटूच नये म्हणून राबणाऱ्याला मजुरी देताना हात आखडता घेते.

आपल्याकडचे अर्थतज्ज्ञ अनुदानाच्या शिस्तीविषयी बोलताना अमेरिकेचा दाखला देतात. तो दाखलाही पुरता वाचला पाहिजे. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी अमेरिकेची मध्य मैदाने उजाड केली, तेव्हा १९३५ साली तेथे मृद्संधारणाचा कायदा झाला आणि पुढे शेतकऱ्यांबरोबर खर्च वाटून घेण्याच्या योजना आल्या. १९९६ पासूनच्या तेथील मुख्य योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते. पण तुटपुंजी साधने असलेल्या आणि नव्याने शेती सुरू करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ती मर्यादा ९० टक्के आहे, आणि त्यांना निम्मी रक्कम आगाऊ देण्याची सोय आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरातही हे मान्य झाले आहे की आधी खर्च करण्याची अट सर्वांना सारखी लावणे म्हणजे समता नव्हे. मग समाजवादी प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या देशात घोडेगावच्या कचेरीपुढे उभ्या असलेल्या आदिवासी शेतकऱ्याकडून आधी पावती का मागितली जाते?

श्रमदानाचा भ्रम

येथे एका गैरसमजाबद्दल कार्यकर्त्यांनी सावध राहावयास हवे. श्रमाचा वाटा म्हणजे श्रमदान नव्हे. १९९० च्या दशकातील पाणलोट कार्यक्रमांत लोकवर्गणी म्हणून खर्चाचा काही हिस्सा गावाने श्रमदानाने द्यावा, असा दंडक आला. त्यामागचा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा हिस्सा मजुरांच्या मजुरीतून कापून घेतला गेला. बांध ज्याच्या शेतात पडला, पाणी ज्याच्या विहिरीला वाढले, त्याने काही दिले नाही. आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अशा कातकरी बाईने आपल्या रोजातून ‘लोकसहभाग’ भरला. पडकईत श्रमाची फेड श्रमाने होते, म्हणून ती न्याय्य आहे. जेथे फेड होण्याची शक्यता नाही, तेथे भूमिहीनाचे श्रम फुकट घेणे ही वेठ आहे, मग तिच्यावर कितीही आदर्श शब्दांचे पांघरूण घाला.

आणखी एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. आता डोंगरावर राबायला माणसेच मिळत नाहीत, म्हणून यंत्राला पर्याय नाही, असे सांगितले जाते. यात तथ्याचा अंश आहे. तरुण मुले-मुली उन्हाळ्यात बागायती पट्ट्यात किंवा शहरात कामाला जातात, हे खरे. पण ती का जातात? २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. नारायणगावच्या मजूर बाजारात त्याहून अधिक मिळते, आणि संध्याकाळी रोख मिळते. हमीची मजुरी मोजमाप, हजेरीपट आणि खात्यावर जमा होण्याची वाट, या तिन्ही चाळण्यांतून येते. दगडी तालीचे काम सावकाशीचे. मातीच्या घनफळाने ते मोजले तर मजुरी पडते. म्हणजे माणसे नाहीत असे नव्हे. दिलेल्या दराला आणि दिलेल्या पद्धतीने ती येत नाहीत. अडते ते मजुरीशी, आणि मजुरीवरचा उपाय मजुरीतच शोधावा लागेल. उताराच्या पायथ्याशी, सखल व सुरक्षित जागी, यंत्राचा मर्यादित उपयोग करण्यास हरकत नसावी. उभ्या चढावर मात्र ते नकोच.

काय मागावे?

टक्का वाढवून मागणे सोपे असते. त्याऐवजी पुढील गोष्टींसाठी आपण आग्रह धरला पाहिजे.

पहिली गोष्ट. उतारावरील अल्प व अत्यल्प भूधारकांकडून रोख वाटा कोणत्याही नावाने घेऊ नये. त्यांचा वाटा श्रमाचा, आणि त्या श्रमाची पूर्ण मजुरी आठवड्याच्या आठवड्याला. दगडी तालीसाठी स्वतंत्र दर ठरवावा. तिचे मोजमाप रचलेल्या दगडावर व्हावे. जेथे साहित्य लागेल, तेथे निम्मी रक्कम आगाऊ मिळावी.

दुसरी गोष्ट. जागेची निवड पाड्याच्या ग्रामसभेने करावी, आणि तिच्याजवळ भूगर्भशास्त्राच्या जाणकाराचा लेखी सल्ला असावा. माळीणनंतर ही अट चैनीची राहिलेली नाही. या पट्ट्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी ५ टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतींकडे ग्रामसभांसाठी देण्याचे धोरण आहे. हा अधिकार व हा निधी पडकईकडे वळवता येतो.

तिसरी गोष्ट. दुरुस्तीचा खर्च. सरकारी योजनेत नव्या बांधाला पैसे असतात, फुटलेल्या बांधाला नसतात. पण ताल ही जिवंत वस्तू आहे. दर पावसाळ्यात कोठे ना कोठे तिला खांड पडते. पहिल्या खांडीला चार माणसांचा एक दिवस पुरतो. दुर्लक्ष झाले तर तीच खांड खालची पाच खाचरे घेऊन जाते. नव्या कामाइतकाच दुरुस्तीच्या मजुरीलाही मान मिळाला पाहिजे.

चौथी गोष्ट. कसणाऱ्याचे नाव. एकाच सात-बारावर भाऊबंदांची वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला. सर्वांच्या संमतीवाचून अर्ज पुढे सरकत नाही. बाई शेत कसते, पण उताऱ्यावर तिचे नाव नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या किंवा मिळावयाच्या जमिनींची तर वेगळीच परवड. साहाय्यासाठी प्रत्यक्ष कसणे हा निकष असावा, आणि त्याचा दाखला ग्रामसभेने द्यावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खालच्या लाभधारकांचा वाटा. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभी राहिलेली उसाची शेती, कारखाने आणि वाढणारी गावे यांच्याकडून जी पाणीपट्टी येते, तिचा ठरावीक भाग वरच्या पाणलोटातील मजुरीसाठी राखून ठेवावा. ज्यांनी जमिनी देऊन धरण होऊ दिले, ज्यांच्या काठावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, त्यांनीच पुन्हा फुकट माती राखावी आणि खाली तिचे सोने व्हावे, ही वाटणी कोणत्याही न्यायाला धरून नाही. बागायती शेतकऱ्याविरुद्ध आदिवासी शेतकऱ्याला उभे करण्याचा येथे हेतू नाही. धरण गाळाने भरले तर दोघांचेही नुकसान आहे. म्हणून खर्चात दोघांचाही वाटा हवा, ज्याच्या-त्याच्या ऐपतीने आणि ज्याच्या-त्याच्या लाभाने.

डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा मुलगा गिरणी कामगार म्हणून मुंबईला गेला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाची मोटार अडवताना तिच्याखाली चिरडला गेला. कष्टकऱ्याचे नाव जलाशयाला देणे चांगलेच आहे. त्या जलाशयात माती येऊ नये म्हणून वरच्या उतारावर जे कष्टकरी राबतात, त्यांची मजुरी देणे अधिक चांगले होईल. पडकईचा हंगाम होळीनंतर सुरू होतो. त्याआधी प्रत्येक पाड्याच्या ग्रामसभेत कामांची यादी, दराची मागणी आणि यंत्राला मज्जाव, हे तीन ठराव व्हावेत, आणि ते घेऊन घोडेगाव व जुन्नरच्या कचेऱ्यांपुढे मजुरांनी कामाची मागणी नोंदवावी. हे काम आपल्या कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे आहे, आणि ते लगेच सुरू व्हावयास हवे.